यादीतलं पहिलं नाव

सुकलाल, तुझ्या फोटोखाली 'माजी मुख्याध्यापक' असं छापलंय.

धुळ्यात देवपुरातल्या तुझ्या गल्लीच्या वळणावरून दिसेल असा तो फ्लेक्स मंडपाच्या तोंडाशीच लावला होता. तुझा तो ओळखपत्रासाठी काढलेला भेदरलेला फोटो, भलामोठा करून. वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', खाली तुझं नाव, आणि नावाखाली लाल अक्षरांत ते दोन शब्द. बायकोसोबत मी रिक्षातून उतरलो, टोपी घातली, वाचलं, आणि मला हसू आलं. तोंड रुमालानं झाकलं. लोकांना वाटलं, सरांना भरून आलं. तेवढं बरंच झालं म्हणायचं, कारण रडू मला आलेलं नाही. अजूनही नाही.

तू गेल्याचा फोन आला तेव्हा मी जळगावात, मेहरूणच्या तलावावर फिरत होतो. तुझा किरण बोलत होता. "काका, बाबा गेले. पहाटे, झोपेतच." मी म्हणालो, "बरं." पोराचा बाप गेलाय आणि मी बरं म्हणतोय! मग फोन खिशात ठेवला आणि राहिलेला फेरा पूर्ण केला. घरी गेलो, चहा घेतला, कपबशी विसळून ठेवली आणि मग बायकोला सांगितलं. ती मटकन खाली बसली. मी पेपर उघडला. त्या दिवसापासून आज तुझ्या उत्तरकार्यापर्यंत हे असंच चाललंय. दाढ काढताना डॉक्टर सुई देतात आणि मग आपलाच गाल आपल्याला लागत नाही, तसं. जेवतो, झोपतो, लोकांशी बोलतो. सगळं जागेवर आहे, फक्त मला लागत नाही.

आपण पारोळ्याच्या शाळेत लागलो ते अकरा दिवसांच्या अंतरानं. तू आधी, मी नंतर. तू धुळ्याहून यायचास, मी जळगावहून. दोन उलट्या दिशांनी आलेल्या एसट्या पारोळ्याच्या स्टँडवर पाच-दहा मिनिटांच्या फरकानं लागायच्या. जो आधी उतरेल त्यानं दुसऱ्यासाठी थांबायचं, असं आपलं ठरलेलं. तू कायम थांबलास. मी किती वेळा थांबलो ते विचारू नकोस. मला मस्टरवर पहिली सही करायची घाई असायची. तू आरामात मागून यायचास, माझ्या सहीखाली तुझी बारकी सही करायचास आणि पाचवीच्या वर्गात निघून जायचास.

आणि ज्याला पहिल्या सहीची घाई, तो यादीत दुसरा. ही सेवाज्येष्ठता यादी म्हणजे आपल्या धंद्यातली कुंडलीच. जो आधी लागला तो वर. मुख्याध्यापक निवृत्त झाले की यादीतला पहिला त्या खुर्चीत बसणार. त्याला ती नकोच असेल तर त्यानं तसं लिहून द्यायचं, मग दुसऱ्याचा नंबर. असं लिहून देणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. आमच्या जळगावात एकाच दिवशी लागलेले दोन मास्तर सही सकाळी केली की दुपारी यावरून भांडलेले मला माहीत आहेत. आपल्यात तर अकरा दिवस होते. मी मनातल्या मनात त्या अकरा दिवसांना किती शिव्या दिल्यात, तुला कधी सांगितलं नाही. तुझी तब्येत बिघडावी असंही एकदा वाटून गेलं होतं. आज लिहितोय, कारण आता तू 'जाऊ दे रे' म्हणू शकत नाहीस.

जुने मुख्याध्यापक आजारपणाच्या रजेवर गेले तेव्हा दोन महिने तू प्रभारी होतास. त्या दोन महिन्यांत वहिनींचा आनंद काही विचारू नये. त्यांनी माहेरी कळवलं, गल्लीत पेढे दिले. शेजारच्या बायका त्यांना हेडमास्तरीणबाई म्हणायला लागल्या. इकडे तू मात्र सुकत चाललेलास. डबा तसाच परत न्यायचास. एकदा शिपायावर इतका ओरडलास की स्वतःच दचकलास आणि दार लावून बसलास.

मग खरी नेमणूक व्हायची वेळ आली, त्याच्या आदल्या संध्याकाळी स्टँडवरच्या बाकावर तू मला म्हणालास, "मी लिखी दिधं. माले नही पायजे ते."

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा मी काय विचारलं आठवतं? "सही केलीस का?" मित्र एवढं मोठं काही सोडून आलाय आणि मी विचारतोय, सही केलीस का.

"करी टाकी," तू म्हणालास. "दोन महिनामा मी घरमा निस्ता वरडत व्हतू भो. आणि हेडमास्तर व्हयना का पोरे सुटतस. पाचवीना पोरेसले कोन शिकाडी?"

"अरे पण माणूस वर जातो की खाली?"

"मी जठे शे तठे बरा शे."

तेवढ्यात धुळ्याची गाडी लागली आणि तू चढलास. तुला खिडकीही मिळाली. मी उभाच. आनंद झाला होता, प्रचंड झाला होता, आणि त्या आनंदाची लाजही वाटत होती. घरी जाईपर्यंत लाज गेली. बायकोला सांगताना मी म्हणालो, "संस्थेनं माझं काम बघितलं." तीच गोष्ट मग मेहरूणभर झाली. सत्कारात, लग्नात, व्याह्यांसमोर, सगळीकडे मी माझ्या कामावर मुख्याध्यापक झालेला. शाळेत खरं सगळ्यांना ठाऊक होतं, पण शाळेतली गोष्ट जळगावापर्यंत कशाला येते?

ती धुळ्यापर्यंतही गेली नाही. तूही घरी खोटंच सांगितलंस. वहिनींना म्हणालास, "संस्थेनं भास्करला केलं." तेवढंच. पुढचं त्यांनी त्यांच्या मनानं जोडून घेतलं. भास्करनं वशिला लावला, भास्करनं मित्राच्या ताटातलं ओढलं. मला ते खूप उशिरा कळलं. मी तुझ्याकडे आलो की वहिनी पाणी आणायच्या, चहा आणायच्या, ट्रे टेबलावर ठेवून आत जायच्या. 'बसा' नाही, 'कसे आहात' नाही. मला वाटायचं, स्वभाव असेल. एकदा किरणच्या तोंडून निघून गेलं आणि मग त्या प्रत्येक चहाचा मला उलगडा झाला.

त्यावरून आपलं भांडण सुरू झालं ते संपलंच नाही. मी म्हणायचो, सांग त्यांना. तू म्हणायचास, "सांगसू रे. घाई काय शे?" मी म्हणायचो, तू मला चोर करून ठेवलंयस. एकदा तू म्हणालास, "आणि तू जळगावमा काय सांगस?" पण सुकलाल, माझं खोटं फुशारकीचं होतं आणि तुझं भीतीचं. तुला खुर्ची सोडता आली, बायकोचा पडलेला चेहरा बघता आला नसता. लोक आज मंडपात तुला संतमाणूस म्हणत होते. मला उठून सांगावंसं वाटत होतं की हा संत घरात बायकोला घाबरायचा आणि आपली शांतता टिकावी म्हणून मित्राला शिव्या खायला पुढे करायचा. राग आला तर बरं वाटेल म्हणून मी हे बराच वेळ मनात घोळवून पाहिलं. राग पण नीट आला नाही.

आता माझं ऐक. तपासणीच्या वर्षी मी तुला 'कारणे दाखवा' नोटीस दिली होती. टाचण वही कोरी म्हणून. उद्या काय शिकवणार ते आज लिहून ठेवायची वही, आणि तुझ्या वहीत पहिल्या पानावर तुझं नाव, बाकी सगळी पानं पांढरी. साहेब येणार होते, शाळेला 'आदर्श'ची ढाल मिळायची होती, आणि मला तुझ्या त्या पांढऱ्या पानांची दहशत बसली. मी तुला केबिनमध्ये बोलावून, उभं ठेवून नोटीस दिली. तुझ्या खुर्चीत बसून तुला. तू वाचलीस, माझ्याच टेबलावरचं पेन घेतलंस आणि मागच्या बाजूला लिहिलंस, 'टाचण लिहिले नाही. शिकवले. चूक कबूल आहे.' सही. आणि विचारलंस, "साडेपाचनी गाडीले येस ना?"

मी त्या दिवशी मुद्दाम उशिरा निघालो. तू स्टँडवर बसलेला होतास. धुळ्याच्या दोन गाड्या सोडल्या होत्यास. नोटिशीचा विषय तू काढला नाहीस, मीही नाही. तू गरम शेंगदाणे घेतले होतेस, अर्धे माझ्या हातावर ओतलेस. माफी मागायची ती वेळ होती. मी शेंगदाणे खाल्ले आणि दहावीच्या निकालाचं बोलत बसलो. ढाल मिळाली. ती शाळेच्या कपाटात आहे. माफी माझ्याकडेच राहिली.

तुला मी एकदा चिडून विचारलं होतं, तुला आयुष्यात काही हवंसं वाटतच नाही का? तू गंभीरपणे विचार केल्यासारखं केलंस आणि म्हणालास, "वाटस ना. आते चहा पायजे." मी निवृत्त झाल्यावर ज्येष्ठ नागरिक संघाच्या अध्यक्षपदाला उभा राहिलो आणि पडलो. तेव्हाही तुझा फोन आलाच, "आते काय ऱ्हायनं तुनं? तलावना हेडमास्तर व्हई जाय." मी फोन आपटला होता. मग हसलो होतो. माझ्या कपाटात एक खण भरून शाली आहेत, सुकलाल, घडीही न मोडलेल्या. त्यातली एकही कधी पांघरली नाही. तू रोज पाच वाजता मुलं गेल्यावर वर्गाच्या पायरीवर बसायचास, त्यांच्या वह्या मांडीवर घेऊन, एकेक अक्षर बघत, मध्येच स्वतःशी हसत. मी केबिनच्या खिडकीतून पाहायचो. मला त्या पायरीचा हेवा वाटायचा. खुर्चीवाल्याला पायरीचा हेवा, ही कबुली मी कोणाजवळ देणार होतो?

आपलं शेवटचं बोलणंही त्याच विषयावर. मी म्हणालो, आता आपली वयं झाली, सांगून टाक वहिनींना. तू म्हणालास, "आखाजीले तू आठे ये. तवय दोन्ही मियीसन सांगू." दोघांनी मिळून! मला हसू आलं होतं. एवढा मोठा माणूस बायकोसमोर जायला सोबत मागतो. मी अक्षय तृतीयेला येतो म्हणालो. आखाजी पुढच्या आठवड्यात आहे.

तर आज मी तो फ्लेक्स वाचला आणि किरणला बाजूला घेतलं. म्हटलं, अरे, हे चुकलंय. तो इकडे तिकडे बघत म्हणाला, "काका, मला माहीत आहे. पण आईनं सांगितलं छापायला. राहू द्या ना." मागे दारात वहिनी उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या माझ्याशी स्वतःहून बोलल्या.

"तुम्हना मुळे ऱ्हाई गयं त्यासनं ते," वहिनी म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "जित्ता व्हतात तवय नही मिळनं. आते फोटोखाल तरी ऱ्हावू द्या."

मी उभा होतो, डोक्यावर टोपी. आत्ता सांगावं, असं वाटलं. वहिनी, त्यानंच लिहून दिलं होतं. एका वाक्याचं काम. माझ्यावरचा डाग गेला असता. आणि त्यांना काय मिळालं असतं? की नवरा इतकी वर्षं आपल्याजवळ खोटं बोलला, आणि आता भांडायलाही उरला नाही. तू आखाजीचा वायदा करून निघून गेलास आणि हे माझ्या गळ्यात टाकून गेलास. मी म्हणालो, "राहू द्या. चांगलं छापलंय."

मग माइकवर श्रद्धांजलीची भाषणं सुरू झाली. आपल्याकडची रीत तुला माहीतच आहे. नगरसेवक बोलले, संघटनेचे कोणी बोलले, तुझं नाव एकानं चुकीचं घेतलं. मी नोकरीत असताना अशी किती भाषणं केली असतील. शांत, मितभाषी, कर्तव्यदक्ष. तुझ्या निरोप समारंभातही मी हेच तीन शब्द वापरले होते आणि तू खाली मान घालून हसत होतास. आज माझं नाव पुकारलं, तसा मी उठलो. पुरुषांच्या बाजूला आपले जुने शिक्षक, बायकांच्या बाजूला माझी बायको, तिच्यापलीकडे वहिनी. खिशात लिहून आणलेला कागद होता. तो काढला नाही.

मी म्हणालो, "मुख्याध्यापक होण्याचा मान सुकलाल सरांचा होता. यादीत पहिलं नाव त्यांचं, दुसरं माझं. खुर्चीवर मी बसलो. माझ्या कामामुळे बसलो, असं मी सगळीकडे सांगत आलो. ते खोटं आहे. ती खुर्ची त्यांची होती. या फोटोखाली जे लिहिलंय ते बरोबर लिहिलंय."

आणि खाली बसलो. मागून कोणीतरी हळूच म्हणालं, "म्हनजे खरंच शे ते." माझी बायको माझ्याकडे बघत राहिली. आपल्या जुन्या शिक्षकांना सगळं ठाऊक होतं. त्यांतला एक उठायला लागला, मी त्याचा हात धरून बसवलं. सुकलाल, या एका वाक्याची मला किती भीती होती. लोक म्हणतील यानं लाटलं, या विचारानं मी किती रात्री तळमळलो असेन. आणि आज ते माझ्या मागेच बोललं गेलं, मी ऐकलं, आणि काही झालं नाही. घाम आला होता, तो पुसला. एवढंच. ही तुझ्यासारखी शांतता म्हणायची की तू गेल्यापासूनची तीच बधिरता, मला कळत नाही. तुला विचारलं असतं, तू चहा मागितला असतास.

पंगत बसली. मी जेवणार नव्हतो, निघणार होतो. अशा घरून निघताना 'येतो' म्हणायचं नसतं, म्हणून मी न बोलताच चपला शोधत होतो. वहिनी बाहेर आल्या. "जेवी ल्या भाऊ," म्हणाल्या. मी बसलो. त्यांनी स्वतः वाढलं. वरण, पोळी, वांग्याची भाजी, तोंड गोड करायला बुंदी. माझी बायको बायकांच्या पंगतीत होती. वहिनी माझ्यासमोर वाढपाचं भांडं हातात धरून उभ्याच राहिल्या.

"भाऊ, एक खरं सांगा," त्या म्हणाल्या. "त्यासले तवय वाईट वाटनं व्हतं का?"

मी घास खाली ठेवला. तू लिहून दिलंस हे मी त्यांना सांगितलं नाही, सुकलाल. ते तुझं काम होतं. पण त्यांनी जे विचारलं त्याचं उत्तर मला माहीत होतं आणि त्यात खोटं बोलायची मला ताकद नव्हती.

"नाही, वहिनी. एक दिवसही नाही."

त्यांना कळलं असेल का? मला वाटतं, कळलं. पदर तोंडाला लावला, मग काढला. भांड्यातली बुंदी माझ्या पानात वाढली, होती तेवढी सगळी, आणि अगदी हळू, माझ्याशी नव्हे, स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या,

"मंग मालेच वाईट वाटे. इतला वरीस मालेच वाटे."